शेवटच्या ट्रेलरचा आवाज: ॲडलेड ते डार्विन, सात दिवस

आमच्या शिरोळ तालुक्यात ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टरमागं दोन ट्रॉल्या असतात. वडिलांचा ट्रॅक्टर गेली बावीस वर्षं कारखान्याच्या वाहतुकीला आहे आणि मी स्वतः सहा हंगाम डबल ट्रॉली ओढली आहे. त्यामुळे ऑस्ट्रेलियात असलेला माझा मामेभाऊ जेव्हा फोनवर म्हणाला, "मागं तीन ट्रेलर लावून डार्विनला चाललोय, येतोस काय बरोबर?" तेव्हा मी सिडनी-मेलबर्नचा विचारही केला नाही. व्हिसा, तिकीट वगैरे तीन महिन्यांत जमलं. कंपनीनं प्रवासी म्हणून केबिनमध्ये बसायची लेखी परवानगी दिली, फक्त यार्डात पिवळं जाकीट आणि लोखंडी टोकाचे बूट सक्तीचे.

या गाड्यांना तिकडं रोड ट्रेन म्हणतात. रस्त्यावरची आगगाडीच.

पहिला दिवस: ॲडलेड ते पिंबा

पहाटे साडेचारला यार्डात पोचलो. जुलैची थंडी, तोंडातून वाफा निघत होत्या. मला वाटलं, बसलो की निघालो. दादा, म्हणजे माझा मामेभाऊ, मात्र तब्बल पन्नास मिनिटं गाडीभोवती फिरत होता. हातात बॅटरी आणि लाकडी दांडका. प्रत्येक टायरवर दांडका मारायचा, आवाज ऐकायचा, पुढं जायचं. हवा भरलेला टायर टणटणतो, बसलेला मऊ आवाज देतो. मी पण एक दांडका घेतला आणि दुसऱ्या बाजूनं निघालो.

ॲडलेडच्या बाजूनं दोनच ट्रेलर. पोर्ट ऑगस्टापर्यंतचे तीनशेएक किलोमीटर असेच गेले. डावीकडं मिठागरं, मग गव्हाची शेतं, मग फ्लिंडर्सच्या जांभळट डोंगररांगा. तीन ट्रेलरची परवानगी पोर्ट ऑगस्टाच्या उत्तरेला सुरू होते, म्हणून तिसरा तिथं जोडायचा. खरी गंमत इथं बघायला मिळाली.

आपल्याकडचे ट्रेलरवाले पुढच्या गाडीला घोडा म्हणतात, तिकडं प्राइम मूव्हर. पहिला ट्रेलर या घोड्याच्या पाठीवर टेकतो. दुसऱ्याला टेकायला पाठ नसते, म्हणून त्याच्या पुढच्या टोकाखाली चाकांची एक छोटी गाडी घालतात. तिला डॉली म्हणतात. तिसऱ्या ट्रेलरखाली आणखी एक डॉली. मी चाकं मोजली: घोड्याला दहा, तीन ट्रेलरना बारा-बारा, दोन डॉल्यांना आठ-आठ. एकूण 62 टायर. लांबीची मर्यादा 53.5 मीटर आणि भरलेलं वजन शंभर टनांच्या वर. आमच्या गावची मराठी शाळा या टोकापासून त्या टोकापर्यंत एवढी लांब नाही.

दादानं घोडा रेंगाळत मागं घेतला. खटकन आवाज आला. मी म्हटलं, "बसलं की."

"आवाजावर विश्वास ठेवायचा नाही," असं म्हणून तो बॅटरी घेऊन खाली वाकला. ट्रेलरखालच्या खुंटीभोवतीचा, म्हणजे किंगपिनभोवतीचा, जबडा पूर्ण मिटलाय का, ट्रेलर आणि तो ज्यावर टेकतो त्या घोड्याच्या पाठीवरच्या तव्यामध्ये फट राहिली नाही ना, हे डोळ्यानं बघितलं. मग ट्रेलरचे ब्रेक लावून ठेवले आणि पहिल्या गिअरमध्ये गाडी हळूच पुढं ओढली. जोड पक्का असेल तर गाडी जागेवरच हिसका खाते. हे प्रत्येक जोडाला करायचं. मगच ट्रेलरचे पाय वर घ्यायचे.

पोर्ट ऑगस्टा सोडलं आणि झाडं संपली. लाल माती, करडी झुडपं, सरळ रस्ता. हा स्टुअर्ट हायवे. 1861-62 मध्ये हा खंड दक्षिणेकडून उत्तरेकडं ओलांडणाऱ्या जॉन मॅकडूअल स्टुअर्टचं नाव त्याला दिलंय. दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या शेवटच्या तुकड्याचं डांबरीकरण 1987 मध्ये पुरं झालं.

रात्री पिंब्याच्या रोडहाऊसवर, म्हणजे रस्त्याकडेच्या पंप-ढाब्यावर, थांबलो. दादा केबिनमागच्या बंकवर झोपतो, मी खोली घेतली. जेवायला बर्गर, त्यात बीटरूटची चकती आणि तळलेलं अंडं. काउंटरवरच्या बाईंनी मी भारतातून फक्त ट्रकमध्ये बसायला आलोय हे ऐकल्यावर स्वतः बाहेर येऊन मला आकाश दाखवलं. दशमीचा चंद्र होता आणि त्यावरचा ससा उलटा! दक्षिण गोलार्धात चंद्र आपल्याला उलटा दिसतो हे पुस्तकात वाचलं होतं, पण डोळ्यांनी बघताना अंगावर काटा आला.

जाणाऱ्यांसाठी: जुलैत रात्री कडाक्याची थंडी असते आणि डार्विनला पोचता पोचता तीस अंश. स्वेटर आणि सुती शर्ट दोन्ही वरच्या पिशवीत ठेवा. ग्लेंडॅम्बो ते कूबर पीडी या अडीचशे किलोमीटरमध्ये डिझेल-पेट्रोल मिळत नाही. टाकी ग्लेंडॅम्बोलाच भरा, पाणी माणशी पाच लिटर तरी ठेवा.

दुसरा दिवस: पिंबा ते मार्ला

आषाढी एकादशी. दादानं रात्रीच साबुदाणा भिजवून ठेवला होता. केबिनमध्ये चार्जिंगच्या जागी लावायचा डब्याएवढा ओव्हन असतो, त्यात खिचडी गरम झाली. लाल वाळवंटात, वर निळं आकाश आणि फोनवर अभंग. दादाला इथं बारा वर्षं झाली, पण एकादशी चुकलेली नाही.

तो गाडी कसा चालवतो ते मी या दिवशी नीट बघितलं. स्टिअरिंगवर हात नुसते टेकलेले, नजर लांब क्षितिजाला. रस्ता थोडा वळला तर तो वळवण्याआधीच जणू गाडी वळलेली असते. त्याचं म्हणणं असं: घोड्यानं घेतलेला लहानसा झोक मागं जाता जाता मोठा होत जातो. आसूडाची मूठ इंचभर हलते, पण टोक केवढं फिरतं? तसा शेवटचा ट्रेलर. पुढं बसून झटका दिला तर आपल्याला काहीच जाणवत नाही आणि मागचा ट्रेलर शेजारच्या लेनमध्ये जाऊन येतो.

"म्हणून मी पुढची गाडी चालवतच नाही," तो म्हणाला. "मी शेवटचा ट्रेलर चालवतो. पुढचं आपोआप येतंय."

उतारावर भरलेल्या डबल ट्रॉलीची मागची ट्रॉली शेपटीसारखी हलायला लागली की पोटात कसा गोळा येतो ते मला माहीत आहे. आमच्याकडं त्यावर उपाय म्हणजे देवाचं नाव. दादाकडं उपाय होते: जड माल पुढच्या ट्रेलरमध्ये, हलका शेवटच्या. मालाचं वजन खाली. झोक आलाच तर स्टिअरिंगनं भांडायचं नाही, पाय हळू उचलायचा. डावं चाक डांबराखाली उतरलं तर दचकून वर ओढायचं नाही, सरळ जाऊ द्यायचं, वेग पडू द्यायचा, मग अलगद वर घ्यायचं.

आणि कांगारू. समोर कांगारू आला तरी गाडी बाजूला घ्यायची नाही. हे ऐकताना मला वाईट वाटलं, त्यालाही सांगताना वाटत होतं. पण कांगारूला चुकवायला घेतलेला झोक मागचा ट्रेलर आडवा करतो आणि मग समोरच्या मोटारीतली माणसं जातात. गाडीच्या तोंडाला बुलबार, म्हणजे जाड लोखंडी चौकट, असते. सरळ रेषेत जमेल तेवढा ब्रेक, बस. हॉर्न मात्र तो लांबूनच वाजवत होता.

कूबर पीडीला दुपारी पोचलो. 1915 मध्ये एका पोरसवदा मुलाला इथं ओपल हे रत्न सापडलं आणि गाव वसलं. उन्हाळ्याच्या भट्टीपासून वाचायला लोक टेकड्यांत कोरलेल्या घरांत राहतात. मी एका भुयारी चर्चमध्ये दहा मिनिटं बसलो. भिंतीवर यंत्राच्या दातांचे ओरखडे आणि कमालीची शांतता. वेरूळची आठवण येणारच.

दादाची कामाची वही इथंच भरली गेली. दक्षिण ऑस्ट्रेलियात नियम कडक आहेत: साडेपाच तासांत किमान पंधरा मिनिटं थांबायचं, चोवीस तासांत बारा तासांपेक्षा जास्त काम नाही आणि सलग सात तास विश्रांती. कारखान्याच्या गव्हाणीपुढं अठरा तास नंबर लावून तसाच परत फडावर जाणारा ड्रायव्हर मी बघितलाय. मी स्वतःही गेलोय. त्या वहीकडं मी बराच वेळ बघत बसलो.

तिसरा दिवस: मार्ला ते ॲलिस स्प्रिंग्ज

साडेचारशे किलोमीटर, सरळ. राज्याची हद्द ओलांडल्यावर नॉर्दर्न टेरिटरी लागते. इथं मोटारींना 130 ची मर्यादा, रोड ट्रेनला 100. सगळ्यात भीतीदायक काय होतं सांगू? गरुड. रस्त्यावर मेलेल्या जनावरावर वेज-टेल्ड गरुड बसलेले असतात, पोट भरल्यावर जड होतात आणि उडताना थेट काचेच्या उंचीला येतात. दादा लांबून हॉर्न देतो आणि वेग कमी करतो.

एर्ल्डंडाला उलुरू या प्रसिद्ध लाल खडकाकडं जाणारा फाटा सोडला. तिकडं जायला दोन दिवस जास्त हवेत, ते नव्हते.

चौथा दिवस: ॲलिस स्प्रिंग्ज

या दिवसासाठीच खरं तर मी हे लिहायला बसलो.

सकाळी रस्ते-वाहतुकीच्या संग्रहालयात गेलो. तिथं सरकारी रोड ट्रेन आहे: ब्रिटनच्या एईसी कंपनीची, 1934 मध्ये ऑस्ट्रेलियात आलेली, आठही चाकं ओढणारी, मागं दोन ट्रेलर. नंतर कर्ट जोहॅनसन या ॲलिसच्याच माणसानं दुसऱ्या महायुद्धातला रणगाडे वाहणारा डायमंड टी ट्रक घेतला आणि त्यामागं स्वतः बनवलेले ट्रेलर जोडले. पुढच्या ट्रेलरच्या चाकोरीतूनच मागचा यावा अशी त्यांची रचना. त्या ट्रकचं नाव बर्था. तिच्यासमोर एक निवृत्त ड्रायव्हर आजोबा भेटले. त्यांनी तरुणपणी कच्च्या रस्त्यावर गुरांचे ट्रेलर ओढले होते. म्हणाले, तेव्हा आरशात शेवटचा ट्रेलर दिसायचाच नाही, फक्त धूळ दिसायची. त्या धुळीचा आकार बदलला की समजायचं, मागं काहीतरी झालंय.

त्याआधी इथं उंट होते. 1866 मध्ये कराचीहून शंभरावर उंट पोर्ट ऑगस्टाला उतरवले गेले, बरोबर बलुचिस्तान, अफगाणिस्तान, सिंध, पंजाबकडचे उंटवाले. कराची तेव्हा मुंबई इलाख्यात होती. एकामागं एक नाकाच्या दोरीनं बांधलेल्या उंटांची माळ याच मुलखातून सामान नेत होती. आज या रस्त्यावर पंजाबी ड्रायव्हर ठिकठिकाणी भेटतात, तेव्हा हा धागा मनात येतोच.

दुपारी यार्डात परत आलो. शेवटचा ट्रेलर ॲलिसला सोडून त्याच्या जागी वेगळा जोडायचा होता. यार्डातल्या माणसानं आधीच जोडून ठेवला होता. दादानं तरी सगळं पहिल्यापासून तपासलं. जबडा बघितला, हिसका दिला, पक्का होता. मग मला म्हणाला, "शेवटच्या ट्रेलरच्या मागच्या चाकापाशी जाऊन उभा राहा. मी ब्रेक दाबतो. फुस्स ऐकू आलं की हात वर कर."

मी गेलो. त्यानं ब्रेक दाबला. पुढं कुठंतरी आवाज आला, माझ्यापाशी काही नाही. पुन्हा दाबला. काही नाही. मी दोन्ही हात आडवे हलवले.

तो उतरून आला आणि मधल्या ट्रेलरच्या मागच्या बाजूला वाकला. तिथं हवेचे दोन नळ असतात. एका नळीतून हवा गेली की पार्किंगचा ब्रेक सुटतो, दुसरीतून जाते ती ब्रेक दाबण्याची हवा. पहिला नळ बंद राहिला असता तर ट्रेलर हललाच नसता, लगेच कळलं असतं. पण दुसरा बंद राहिला होता. म्हणजे चाकं मोकळी फिरणार, ब्रेक मात्र लागणार नाही. पुढच्या गाड्या थांबताहेत आणि मागून तीसएक टनांचा ट्रेलर ढकलतोय, असा प्रकार. हिसका देऊनही हे कळत नाही, कारण हिसक्याच्या वेळी पार्किंगचा ब्रेक काम करत असतो. कळतं ते फक्त मागं जाऊन ऐकल्यावर.

दादा कुणावर ओरडला नाही. नळ उघडला, मला परत मागं पाठवलं. या वेळी फुस्स झालं आणि मी हात वर केला. मग यार्डातल्या त्या पोरालाही बोलावलं, माझ्या जागी उभं केलं आणि त्याच्याकडून ऐकून घेतलं.

मी दहावीत असताना कारखान्यावरून रिकामं परतताना आमच्या मागच्या ट्रॉलीची पिन उडाली होती. अंधारात वडिलांना कळलंच नाही. ट्रॉली उताराला सुटली आणि शाळूच्या रानात जाऊन पडली. रस्त्यावर कुणी नव्हतं म्हणून निभावलं. पिनच्या भोकातली खीळ त्या दिवशी नव्हती, तिच्या जागी बांधायच्या तारेचा तुकडा होता. आणि आमच्या त्या ट्रॉल्यांना ब्रेकच नव्हते. ऐकायला काही नव्हतंच. ही गोष्ट मी दादाला त्या रात्री सांगितली. त्याला माहीत नव्हती.

पाचवा दिवस: ॲलिस ते थ्री वेज

मकरवृत्ताची खूण ॲलिसपासून तीसेक किलोमीटरवर लागते. आपल्याकडं कर्कवृत्त, इथं मकर.

पुढं डांबराच्या दोन्ही बाजूंना बरेच ठिकाणी कुंपण नाही, गुरं रस्त्यावर येतात. दादा या पट्ट्यात शक्यतो दिवसाच चालतो. तुम्हीही रात्री चालवू नका. भाड्याच्या गाड्यांच्या करारातही अनेकदा गावाबाहेर रात्री चालवायला मनाई असते, वाचून घ्या.

दुपारी एका कॅरव्हॅनवाल्यानं आम्हाला ओलांडलं. समोरून गाडी येत होती. दादानं वेग कमी करून त्याला जागा दिली, पण त्याचे ओठ घट्ट मिटलेले मी बघितले. मग वहीच्या मागच्या पानावर मी हिशेब मांडला. रोड ट्रेन 100 ने, मोटार 120 ने. फरक 20, म्हणजे सेकंदाला साडेपाच मीटर. आमची लांबी 53.5, मागं-पुढं तीस-तीस मीटर अंतर, मोटारीची स्वतःची लांबी, असे धरा 120 मीटर. ते कापायला बावीस सेकंद. तेवढ्यात मोटार सातशे मीटरहून जास्त पुढं जाते आणि समोरून 110 ने येणारी गाडी साडेसहाशे. म्हणजे जवळजवळ दीड किलोमीटर रस्ता मोकळा दिसला पाहिजे. दिसत नसेल तर मागं राहा. पुढच्या रोडहाऊसला चहा पाच मिनिटं उशिरा मिळेल, इतकंच.

मोटार घेऊन या रस्त्यावर जाणाऱ्यांसाठी दादानं सांगितलेल्या आणखी काही गोष्टी. ट्रेलरच्या अगदी मागं चिकटू नका, तुम्ही त्याच्या आरशात नसता आणि दगड तुमच्या काचेवर येतात. रोड ट्रेन समोरून येते तेव्हा हवा आधी ढकलते, मग ओढते. स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरा, थोडं डावीकडं राहा. ओलांडून झाल्यावर लगेच तिच्यापुढं शिरून ब्रेक मारू नका, शंभर टन जागेवर थांबत नाहीत. ट्रक वळताना मधे दिसणारी मोकळी जागा मोकळी नसते, मागचे ट्रेलर तिथूनच आत कापत येतात. आणि एक छोटा यूएचएफ रेडिओ घ्या. ट्रकवाले 40 नंबरच्या चॅनेलवर असतात. "तुमच्या मागं आहे, ओलांडू का?" एवढं विचारलं तरी ड्रायव्हर समोरचा रस्ता बघून सांगतो.

कार्लू कार्लूचे लाल, गोल खडक रस्त्याच्या कडेलाच आहेत. तिथल्या आदिवासी लोकांसाठी ती पवित्र जागा आहे, त्यामुळे दगडांवर चढायचं नाही. संध्याकाळच्या उन्हात ते आतून पेटल्यासारखे दिसत होते.

थ्री वेजला एका पंजाबी ड्रायव्हरनं मेथीचे पराठे दिले, दादानं त्याला शेंगदाण्याची चटणी दिली. तो क्वीन्सलंडकडं निघाला होता. निघण्याआधी तो आपल्या गाडीभोवती दांडका घेऊन फिरला. टण, टण, टण. अंधारात तो आवाज गाडीच्या लांबीभर मागं मागं जात राहिला.

सहावा आणि सातवा दिवस: कॅथरिन, डार्विन

उत्तरेला हवा बदलली. स्वेटर गेला, वारुळं आली, माणसापेक्षा उंच. डेली वॉटर्सच्या जुन्या पबमध्ये भिंतीवर जगभरच्या प्रवाशांनी सोडलेल्या वस्तू आहेत. मॅटरँकाच्या कोमट झऱ्यात अर्धा तास डुंबलो. वेळ असेल तर इथं एक रात्र राहा, आम्हाला नव्हता.

ॲलिस ते डार्विनचा रस्ता महायुद्धात लष्करासाठी पक्का झाला. 19 फेब्रुवारी 1942 ला जपान्यांनी डार्विनवर बॉम्ब टाकले होते. ॲलिसहून आगगाडी डार्विनला यायला मात्र 2004 उजाडलं. तरी वाटेतल्या गावांचं दूध, भाजी, औषधं अजून या 62 चाकांवरच येतात.

डार्विनच्या यार्डात दुपारी पोचलो. तिन्ही ट्रेलर सुटे झाले. एकटा घोडा फारच छोटा दिसत होता. दादानं मला विमानतळावर सोडलं आणि खिशातून काढून एक गोष्ट हातात दिली: तो टायर वाजवायचा दांडका. सामानातूनच नेला, हातातल्या पिशवीत नको म्हणाला.

घरी येऊन आता तीन महिने झाले. गाळप हंगाम तोंडावर आहे. आमच्या दोन्ही ट्रॉल्यांना मी नवीन पिना, त्यांना खिळा, जोडाला वेगळी साखळी आणि मागं-बाजूला रिफ्लेक्टर बसवलेत. मागच्या ट्रॉलीच्या दिव्यांची वायर पुन्हा ओढली. ब्रेकसाठी इचलकरंजीच्या एका फॅब्रिकेशनवाल्याशी बोलणं चालू आहे. परवा वडील ट्रॅक्टरवर बसले होते, मी मागच्या ट्रॉलीपाशी. त्यांनी इंडिकेटर लावला आणि ओरडून विचारलं, "पेटतोय काय रं?"

मी हात वर केला.